सेन्सर तोच, फोटो वेगळा

सोनीचा आयएमएक्स ३६३ नावाचा १२ मेगापिक्सेलचा एक सेन्सर आहे. २०१८ साली तो गूगलच्या पिक्सेल ३ मध्ये होता आणि त्या फोनच्या फोटोंचं जगभर कौतुक झालं. २०१९ मध्ये तोच सेन्सर ॲमस्टरडॅमच्या फेअरफोन ३ मध्ये आला, आणि लोक म्हणाले, "फोन चांगलाय हो, पण कॅमेरा..."

या 'पण कॅमेरा'चा इतिहास मोठा गमतीशीर आहे.

फेअरफोनची सुरुवात २०१० साली एक मोहीम म्हणून झाली. काँगोतल्या खाणींमधून येणारी खनिजं, त्यावर पोसली जाणारी युद्धं, यावर लोकांना बोलतं करणं हा हेतू. २०१३ मध्ये त्याची कंपनी झाली. कारखान्यातल्या कामगाराला बरा मोबदला, आणि घरच्या घरी उघडून दुरुस्त करता येईल असा फोन, हे त्यांचं वचन. ते त्यांनी कॅमेऱ्याच्या बाबतीतही पाळलं. २०१७ साली फेअरफोन २ साठी नवा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा वेगळा विकायला काढला. जुना काढा, नवा लावा, एक स्क्रूड्रायव्हर पुरे. म्हणजे हार्डवेअरचा प्रश्न त्यांनी जवळजवळ सोडवला होता. पण तोवर मोबाईलचा फोटो हार्डवेअरमध्ये राहिलाच नव्हता!

यासाठी थोडं मागे जाऊ. २०१० साली स्टॅनफर्डमध्ये मार्क लेव्हॉय यांच्या चमूने 'फ्रँकेनकॅमेरा' नावाचा प्रयोग केला. कॅमेरा म्हणजे प्रोग्रॅम करता येणारं यंत्र, ही कल्पना. त्याचं सॉफ्टवेअर चालायचं कशावर, तर नोकिया एन९०० वर, म्हणजे चक्क लिनक्स फोनवर. आणि कोड सगळ्यांसाठी खुला! आज खुल्या फोनवाल्यांना ज्याची उणीव भासते, त्याचं एक मूळ त्यांच्याच अंगणात होतं.

लेव्हॉय पुढे गूगलमध्ये गेले. २०१३ मध्ये नेक्सस ५ वर एचडीआर प्लस आलं. त्याची युक्ती सोपी आहे. एक मोठं एक्स्पोजर घेण्याऐवजी मुद्दाम अंधारे, छोटे अनेक फोटो घ्यायचे. त्यांचे तुकडे एकमेकांवर नीट बसवायचे आणि सरासरी काढायची. नऊ फ्रेम मिळवल्या की नॉईज साधारण एक तृतीयांश होतो, हे आपण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकलेलंच गणित. अवघड भाग पुढे आहे: हात हलतो, मूल पळतं, पानं हलतात. ते सांभाळत जुळवणी करायची, आणि तीही खिशातल्या चिपवर.

२०१६ साली गूगलने यावर सविस्तर पेपर छापला. म्हणजे पाककृती जाहीर झाली, पण हाताची चव काही छापता येत नाही. प्रत्येक सेन्सर-लेन्स जोडीला पिवळ्या बल्बखाली, ट्यूबलाईटखाली, उन्हात मोजावं लागतं, रंग बसवावे लागतात. हे महिनोन्‌महिन्यांचं काम. २०२२ साली जेमतेम लाखाच्या वर फोन विकणाऱ्या फेअरफोनने त्यासाठी किती माणसं बसवायची?

प्रायव्हसीवाल्यांची गत तर याहून बिकट. अमेरिकेतल्या प्युरिझम कंपनीने २०१७ मध्ये लोकवर्गणीतून लिब्रेम ५ ची घोषणा केली. कॅमेरा आणि माईकचा वीजपुरवठाच तोडणारं बटण फोनच्या कडेला! मालकीचं बंद सॉफ्टवेअर टाळायचं म्हणून त्यांनी एनएक्सपीची आय डॉट एमएक्स ८एम क्वाड ही चिप घेतली. तिच्यात फोटोवर प्रक्रिया करणारं खास सर्किटच नाही. २०१९ च्या अखेरीस पहिले फोन लोकांच्या हाती पडले तेव्हा कॅमेरा जागेवर होता, पण तो चालवणारं सॉफ्टवेअर नव्हतं. कॅमेरा बंद करायचं बटण आधी आलं, कॅमेरा नंतर :-)

२०२० च्या पाईनफोनवर पाच मेगापिक्सेलचा साधा सेन्सर होता. तिथे पोस्टमार्केटओएसच्या एका डेव्हलपरने 'मेगापिक्सेल्स' नावाचं ॲप लिहिलं. कच्ची फ्रेम साठवायची आणि मग शेल स्क्रिप्टने त्यातून जेपीईजी काढायचा. फोटो यथातथाच, पण तो कसा बनला याची ओळ न् ओळ वाचता येते. मला हे फार आवडतं. पण लेकराच्या पहिल्या वाढदिवसाला, मेणबत्तीच्या उजेडात, मी तो फोन पुढे करीन का? नाही.

बऱ्याच लोकांचं उत्तर असंच असावं. म्हणूनच फेअरफोन ३ वर लोक गूगलच्या कॅमेरा ॲपचे 'पोर्ट' टाकू लागले. म्हणजे कुणीतरी फोडून, बदलून नेटवर ठेवलेली एपीके फाईल. त्याच सेन्सरमधून एकदम सुंदर फोटो! पण खाणकामगाराचा विचार करून घेतलेल्या फोनवर, कॅमेऱ्याची परवानगी अशा माणसाच्या कोडला, ज्याचं नावही ठाऊक नाही. मला विचाराल तर हा सौदा खराब फोटोपेक्षा महाग आहे.

दुसरी वाट ग्राफीनओएसची. ही प्रायव्हसीला वाहिलेली सिस्टीम गूगलच्याच पिक्सेल फोनवर चालते. गूगलचा अस्सल कॅमेरा टाकायचा आणि त्याची नेटवर्कची परवानगी काढून घ्यायची. मग ॲप फोटो उत्तम काढतं, पण स्वतःहून इंटरनेटवर जाऊ शकत नाही. तांत्रिकदृष्ट्या मला हाच तोडगा सगळ्यात पटतो. फक्त त्यासाठी पैसे गूगलला द्यावे लागतात, आणि फेअरफोनवर ग्राफीन चालत नाही. त्यामुळे खाणीतल्या माणसाची काळजी एका फोनमध्ये, आपल्या फोटोंची दुसऱ्या फोनमध्ये.