शाक, साग आणि टीक

सागाच्या फळीवर रंधा मारला की आधी जाणवतो तो तिचा तेलकट स्पर्श आणि कातड्याच्या जवळ जाणारा वास. या तेलामुळेच साग वाळवीला दाद देत नाही आणि वर्षानुवर्षे पाणी सोसतो. ओकच्या लाकडात लोखंडी खिळा गंजतो, तसा तो सागात गंजत नाही. सुताराच्या पटाशीची धार मात्र तो लवकर घालवतो, कारण त्यात सिलिकेचे बारीक कण असतात. जहाज बांधायला याहून चांगले लाकूड कुठले? म्हणून साग समुद्रापार गेला आणि लाकडाबरोबर त्याचे नावही गेले.

‘साग’ हा संस्कृत ‘शाक’चा वंशज. प्राकृतात ‘श’चा ‘स’ झाला, ‘क’ मऊ होऊन ‘ग’ झाला. पुराणांतल्या शाकद्वीपाचे नाव तिथल्या शाकवृक्षावरूनच पडले, असे सांगतात. ‘शाक’चा दुसरा अर्थ भाजीपाला. मराठीत तो ‘शाकाहारा’त राहिला, हिंदीत मात्र पालेभाजीही ‘साग’च झाली. आपण झाडाला साग आणि कापलेल्या लाकडाला सागवान म्हणतो, पण बोलताना ही सीमा सहज पुसली जाते.

अरबांनी या लाकडाला ‘साज’ म्हटले. अरबीत ‘ग’ नाही, त्याच्या जागी ‘ज’ आला. हा व्यापार फार जुना आहे. भडोचहून इराणच्या आखातातल्या बंदरांत इमारती लाकूड जात असल्याची नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे.

दुसरे नाव दक्षिणेतून निघाले. तमिळ-मल्याळममधला ‘तेक्कु’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘तेका’ झाला आणि इंग्रजीत ‘टीक’. ‘टेक्टोना ग्रँडिस’ या शास्त्रीय नावातही मलबारचाच उच्चार आहे; शिवाय सुतार या अर्थाचा ग्रीक ‘टेक्टॉन’ त्यात ऐकू येतो. ज्या झाडावर सुतारांच्या पिढ्या जगल्या, त्याला हे नाव शोभते.

ही दोन्ही नावे मुंबईच्या गोदीत एकत्र आली. वाडिया घराण्याने 1817 मध्ये मलबारी सागातून ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली. सुतारांच्या तोंडी ‘साग’, साहेबांच्या कागदांत ‘टीक’. इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात ती नौका आजही तरंगते आहे. उत्तर आणि दक्षिणेची ही दोन नावे जगभर टिकली, ती या लाकडाच्या टिकाऊपणामुळेच.