लघु-गुरूंची गणना



तरुणपणी एका सभेत मी आवेशाने म्हणालो होतो, "पिंगलाचार्यांनी संगणक शोधला." टाळ्याही मिळाल्या. ते विधान आज या स्मृतिव्याख्यानात मी मागे घेतो; कारण पिंगलांनी प्रत्यक्ष जे केले ते त्या घोषणेहून मोलाचे आहे.

इसवी सनापूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या त्यांच्या 'छंदःशास्त्रा'त लघु-गुरूंच्या सर्व रचना ठरावीक क्रमाने मांडण्याची रीत आहे. तिला प्रस्तार म्हणतात. तीन अक्षरांच्या रचना ८; तेच आपले गण. दिलेली रचना प्रस्तारात कितवी, हे काढण्याची रीत म्हणजे उद्दिष्ट. 'विचार' हा शब्द घ्या: लघु, गुरू, लघु. आरंभी १ धरून उजवीकडून डावीकडे यावे; प्रत्येक अक्षराला दुप्पट करावी आणि अक्षर गुरू असल्यास त्यातून १ वजा करावा. 'र' लघु, म्हणून २. 'चा' गुरू, म्हणून ४ वजा १, म्हणजे ३. 'वि' लघु, म्हणून ६. प्रस्तारात ज-गण सहावाच आहे.

१९९० साली हॅस्केल या संगणकभाषेची पहिली व्याख्या प्रसिद्ध झाली. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव तिला दिलेले आहे. या भाषेत सारी मांडणी गणिती फलनांची. एकदा ठरलेले मूल्य पुढे बदलत नाही. शून्य-एकांची ओळ वाचून संख्या करावयाची, तर दोनच गोष्टी सांगाव्या लागतात: ओळ रिकामी असता उत्तर काय, आणि एक अंक वाढल्यास आधीच्या उत्तराचे काय करावे. उद्दिष्टाची चालही हीच. मात्र ओळीत भलतेच चिन्ह आढळल्यास 'उत्तर नाही' असे कबूल करण्याची सोयही तेथे करावी लागते. छंदातही पादान्तीचा लघु विकल्पाने गुरू मानतात. म्हणून गणनेपूर्वी वाचन निश्चित करावे लागते.

परंतु साम्य म्हणजे वारसा नव्हे. पिंगलांची चिन्हे वृत्तांची होती. त्यांनी त्यांवर बेरीज-गुणाकार उभारले नाहीत. शून्य-एकांत चारही क्रिया लायब्निट्झने १७०३ च्या निबंधात मांडल्या. पूर्वजांना न केलेल्या कामाचे श्रेय दिले, की त्यांनी केलेले काम वाचावयाचे राहून जाते. माझ्याकडून नेमके हेच घडले होते.

आज घरी गेल्यावर आपापल्या नावाचा प्रस्तारातील क्रमांक अवश्य काढून पाहा.