कॅमेऱ्यासमोर बसणारा माणूस

गेल्या दिवाळीत पुतण्याने माझ्यासमोर वहीचा एक कागद ठेवला. कॅमेरा, दोन लेन्स, फ्लॅश, ड्रोन, संगणक, प्रिंटर, गाळ्याचे डिपॉझिट. प्रत्येकापुढे किंमत आणि खाली बेरीज. तळेगाव ढमढेऱ्यात फोटो स्टुडिओ काढायचा त्याचा बेत होता. काही रक्कम मुद्रा कर्जातून आणि काही माझ्याकडून, असा हिशेब. "काका, यात काय राहिलंय का बघा," तो म्हणाला.

बेरीज बरोबर होती, तरी काहीतरी राहिले आहे असे वाटत राहिले. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. गावातल्या जुन्या वाड्यांमधले कागद वाचता यावेत म्हणून मोडी शिकलो आणि तिथून हा नाद लागला. त्यामुळे पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तरही मी माझ्या सवयीने जुन्यातच शोधायला लागलो.

आपल्याकडे छायाचित्रणाचा धंदा प्रथम मुंबईत रुजला. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी नंतर शहरात स्टुडिओ थाटला. तेव्हा काच रसायनात भिजवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची, असा सगळा काही मिनिटांचा खेळ होता. तरीही धंदा चालला, कारण मुंबईत फोटो काढून घेणे प्रतिष्ठेचे होते. शेटजी, वकील, संस्थानिक आपल्या पायांनी चालत येत.

शतक संपत आले तेव्हा कोरड्या काचा तयार डब्यांत मिळू लागल्या होत्या. काम सोपे झाले होते. नेमक्या त्याच वेळी, ज्याच्याकडे सगळे होते असा एक माणूस या धंद्यात बुडाला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेबांना आपण 'राजा हरिश्चंद्र'मुळे ओळखतो. त्याआधीचा हा बुडालेला धंदा चरित्रांत दोन-चार ओळींत उरकला जातो. मला मात्र तिथेच थांबावेसे वाटले. त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, नंतर बडोद्याच्या कलाभवनात. तिथले प्रमुख प्रा. गज्जर यांनी त्यांना ब्लॉक बनवणे आणि छपाईचे तंत्र शिकायला रतलामला पाठवले आणि परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरायची मुभा दिली. म्हणजे हातात चित्रकला, रसायनांची जाण, स्वतःचा कॅमेरा आणि पाठीशी गुरू. पुतण्याच्या कागदावरची प्रत्येक ओळ त्या काळाच्या मानाने फाळक्यांकडे भरलेली होती.

१८९५ मध्ये ते धंदेवाईक छायाचित्रकार म्हणून गोध्र्याला गेले. १९०० च्या प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. ते बडोद्याला परतले, तिथे पुन्हा स्टुडिओ मांडला आणि गिऱ्हाईकच येईना. शहरभर एक बोलवा होती की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढला की माणूस मरतो. राजघराण्यातल्या एका राजपुत्रानेही फोटोला नकार दिला. फाळक्यांनी दरबारात छायाचित्रणाची बाजू मांडली. राजपुत्राचे मन वळले, पण धंदा सावरला नाही. ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले.

ही बोलवा आपण अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेतो. मला ती तशी वाटत नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि लगोलग पुण्यात प्लेग शिरला, त्यानंतरची ही वर्षे. प्लेगचा रोगी चार-सहा दिवसांत जाई. आज फोटोसाठी बसलेला माणूस पुढच्या आठवड्यात नसणे हे त्या काळी लोकांनी डोळ्यांनी पाहिले असणार. शिवाय घरात फोटो लागत तो बहुतेक गेलेल्या माणसाचा, हार घातलेला. फोटो आणि मरण यांची गाठ लोकांच्या मनात उगीच पडलेली नव्हती. हा माझा तर्क आहे, पण त्याला माझ्या घरातला एक पुरावा आहे.

माझ्या आजीने हयातीत कधी फोटो काढू दिला नाही. "मला भिंतीवर टांगायची घाई झालीय का रे तुम्हाला?" असे म्हणून ती पदर तोंडावर ओढून आत जायची. १९८२ मध्ये ती गेली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. बाजारपेठेतल्या फोटोग्राफरला बोलावणे धाडले. आजीला ओसरीवर खुर्चीत बसवले, मागून चुलत्यांनी खांदे धरले आणि त्याने दोन फोटो काढले. आठवड्याने फ्रेम घरी आली, तेव्हा आजीचे डोळे उघडे होते. त्याने प्रिंटवर बारीक ब्रशने ते काढले होते. तेव्हा गावोगावचे फोटोग्राफर असे डोळे काढून देत. आजीचा आमच्याकडे एवढा एकच फोटो आहे आणि त्यातले डोळे तिचे नाहीत.

त्या फोटोग्राफरचे दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. मागे रंगवलेला पडदा, पलीकडे लाल दिव्याची अंधारखोली. वेळ नदीकाठचे, पेशव्यांचे सरदार ढमढेरे यांचे हे गाव. आठवडे बाजाराला भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे येत, तोच त्याच्या कमाईचा दिवस. लग्नसराईत चार पैसे जास्त, जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या फॉर्मचे फोटो. काही घरांत तेव्हा आग्फा क्लिक थ्री हा डबा कॅमेरा आला होता, एका रोलवर बारा फोटो देणारा. तो कॅमेरा बनत होता बडोद्यात. ज्या शहरात फाळक्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही, तिथूनच पाऊणशे वर्षांनी कॅमेरा मराठी घरांत शिरला.

तरीही न बसणारी माणसे होतीच. त्यांना बसवले ते कायद्याने. १९९३ मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, आयोगाने मतदारांना छायाचित्र असलेले ओळखपत्र द्यायचे ठरवले. पदर सावरत, डोळे विस्फारत कितीतरी म्हाताऱ्या आयुष्यात प्रथमच कॅमेऱ्यासमोर आल्या. पुढे २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार कार्ड दिले गेले. तिथे तर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळेही टिपली गेली. आता नकाराचा प्रश्नच उरला नाही.

गंमत अशी की सक्तीने माणूस बसला आणि फोटोग्राफरचीच भाकरी गेली. आधारचा फोटो केंद्रातला माणूस टिपतो, फॉर्मचे बरेचसे फोटो मोबाइलवर निघतात. ज्या सक्तीच्या फोटोवर गावातला स्टुडिओ वर्षभर तगायचा, तो आता त्याच्याकडे येत नाही. जो येतो तो आपल्या मर्जीने. म्हणजे गोष्ट फिरून तिथेच आली, जिथे फाळके अडले होते.

फाळक्यांनी मात्र तो धडा फुकट घालवला नाही. चित्रपट काढायचे ठरले तेव्हा भांडवलासाठी त्यांनी कुणाला भाषण दिले नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत एकेक चित्र टिपून 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. तो पाहून छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. दरबारात युक्तिवाद करून जे साधले नव्हते, ते एका रोपट्याने साधले. आधी दाखवावे लागते, मग माणूस विश्वास टाकतो.

पुतण्याच्या कागदावर हीच ओळ नव्हती. मी त्याला पैसे दिले, पण अट घातली. ड्रोन नंतर. गाळा उघडण्याआधी आळीतल्या वीस म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायचे, त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या वेळेला, आणि प्रिंट करून फुकट नेऊन द्यायचे. त्याने तोंड वाकडे केले. "काका, असा कुठं धंदा होतो का?" तरी निघाला.

पहिल्याच घरी शेजारच्या आजींनी त्याला विचारले, "किती दिवस राहिले म्हणून काढतोस?" त्याला उत्तर सुचले नाही, तो नुसता पायरीवर बसून राहिला. आजी शेंगा निवडत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "काढ आता. पण निवडताना काढ, उगं बसून नको."

तो फोटो मी पाहिला. आजी किंचित वैतागलेल्या दिसतात. डोळे त्यांचेच आहेत.