धोत्र्याच्या धुरापासून वाफेच्या मशीनपर्यंत

 

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गटाची बैठक चालू होती. बोलता बोलता एका काकूंना धाप लागली. "माले दम लागी ऱ्हायना," एवढंच त्या म्हणाल्या, तेही तुटक तुटक. आम्ही काय केलं? त्यांना आडवं निजवलं, पाणी पाजलं, छातीला बाम चोळला. अर्धा तास त्यातच गेला. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ओठ निळसर पडले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांचा पंप कुठे आहे?" पंप घरी कपाटात होता. लोक काय म्हणतील म्हणून काकू तो चारचौघांत ओढत नव्हत्या. काकू वाचल्या, पण चूक आम्हा सगळ्यांची होती. म्हणून आज दम्याच्या झटक्यावरच्या उपचारांचा इतिहास सांगायचा आहे.

दमा जुना आजार आहे. चरकसंहितेत त्याला 'तमक श्वास' म्हटलंय. असा रोगी आडवा झाला की जास्त घुसमटतो आणि बसला की त्याला बरं वाटतं, हे तिथे नोंदवलेलं आहे. इतक्या जुन्या ग्रंथात लिहिलेलं आम्हाला मात्र ठाऊक नव्हतं. आम्ही काकूंना निजवलं!

दुसरी गोष्ट आपल्या बांधावरच्या धोत्र्याची. महादेवाला वाहतो तोच. आपल्या देशात दम्यावर धोत्र्याचा धूर ओढत असत. १८०२ साली जनरल जेंट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हा उपाय मद्रासहून इंग्लंडला नेला. पुढे शंभराहून जास्त वर्षं तिकडे धोत्र्याच्या जातीच्या झाडांच्या विड्या दम्याचं औषध म्हणून विकल्या गेल्या. धोत्रा विषारी आहे, त्यानं माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जातो. तेव्हा कुणी करून बघू नका. पण त्याच गुणाचं, मोजून-मापून तयार केलेलं 'इप्राट्रोपियम' आज दवाखान्यातल्या वाफेच्या मशीनमध्ये घालतात.

खरा फरक विसाव्या शतकात पडला. १९०१ साली जपानी शास्त्रज्ञ ताकामिने यांनी ॲड्रेनलिन शुद्ध रूपात वेगळं काढलं. दोनच वर्षांत न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी त्याचं इंजेक्शन दम्याच्या झटक्यात वापरलं. आवळलेल्या श्वासनळ्या सैल व्हायच्या, पण काळीज धडधडायचं. नंतर स्टेरॉइड आलं. आपण त्या नावाला घाबरतो. पण झटक्यात श्वासनळ्या फक्त आवळत नाहीत, आतून सुजतात आणि चिकट कफानं भरतात. ती सूज उतरवतं ते स्टेरॉइडच. १९५६ साली ब्रिटनमध्ये तुलना करून पाहिली, तेव्हा गंभीर झटक्यात त्याचा उपयोग दिसून आला.

त्याच वर्षी अमेरिकेत पंप बाजारात आला. एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीनं विचारलं होतं, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का मिळत नाही? त्या प्रश्नातून पंप जन्मला.

पण पंपानंही एक धडा शिकवला. १९६० च्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये दम्यानं मरणाऱ्या तरुणांची संख्या एकाएकी वाढली. तेव्हाच्या फार जोरदार पंपांवर आणि दवाखान्यात जायला झालेल्या उशिरावर बोट ठेवलं गेलं. तात्पुरता आराम पडायचा, आतली सूज वाढत राहायची. १९६९ साली हृदयाला कमी त्रास देणारं साल्ब्युटामॉल आलं, १९७२ साली रोज ओढायचं स्टेरॉइड. म्हणून आज डॉक्टर बजावतात की नुसत्या आरामाच्या पंपावर दिवस काढू नका, सूज आवरणारा पंप रोज घ्या.

आज मोठ्या माणसाला गंभीर झटका आला, तर आपत्कालीन विभागात काय करतात? बसतं ठेवतात. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघतात, कमी असेल तर देतात. मशीननं साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमची वाफ देतात. पहिल्या तासातच स्टेरॉइड देतात, पण ते काम करायला काही तास घेतं. तरीही उतार पडला नाही, तर शिरेतून मॅग्नेशियम, आणि शेवटी श्वासाचं यंत्र. या इतिहासातल्या कितीतरी गोष्टी त्या एका खाटेभोवती हजर असतात. पण रोगी वेळेत पोहोचला तरच.

आपल्याकडे धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून आहे, जळगावचं २०१८ साली सुरू झालं. १०८ ची मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते. आणि दम्याला चिथावणी देणाऱ्या गोष्टी आपल्या रोजच्या कामातच आहेत: चुलीतल्या पऱ्हाटीचा धूर, जिनिंगमधली उडती रुई, नंदुरबारच्या पथाऱ्यांवरचा मिरचीचा ठसका.

म्हणून आम्ही गटात ठरवलंय. पंप लपवायचा नाही, कमरेच्या पिशवीत ठेवायचा. झटका आला की ताठ बसवायचं. एक फवारा, चार-पाच श्वास, मग दुसरा, असे चार. स्पेसर म्हणजे पंपाला लावायची नळी नसेल, तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली चालते. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून पंप घट्ट बसवायचा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत १९९९ साली मुलांवर हे तपासलं, तेव्हा घट्ट बसवलेली बाटली विकतच्या नळीइतकीच कामाला आली. वीस मिनिटांत उतार नाही, तर १०८. आणि एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळे पडले असतील, गुंगी येत असेल, किंवा छातीची घरघर एकदम थांबली पण माणूस दमलेलाच असेल, तर वीस मिनिटंही थांबायचं नाही. घरघर थांबली म्हणजे बरं वाटलं असं नाही, आत हवा जायचीच थांबली असेल. गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवायचे.

काकू आता बैठकीला येतात. पंप सगळ्यांसमोर ओढतात. त्या दिवसानंतर आमच्यातल्या आणखी दोघींनी पिशवीतून आपला पंप बाहेर काढला. इतकी वर्षं त्या आमच्याच शेजारी बसत होत्या, आणि आम्हाला माहीतच नव्हतं. तुमच्या गटात कोण कोण आहे, पुढच्या बैठकीत विचारा.