ऑक्सफर्डच्या दप्तरी नाव

ऑक्टोबर महिना आला की काळे झगे व पांढरे टाय परिधान केलेल्या नवागत विद्यार्थ्यांच्या रांगा ऑक्सफर्डच्या रस्त्यांतून शेल्डोनियन सभागृहाकडे निघतात. क्रिस्टोफर रेन याच्या आराखड्याबरहुकूम 1669 साली पुऱ्या झालेल्या त्या वास्तूत लॅटिन भाषेतील एक अल्पाक्षरी विधी होतो, आणि तेथून पुढे तो विद्यार्थी विद्यापीठाचा आजन्म सभासद गणला जातो. दूरदेशाहून नुकत्याच आलेल्या तरुणास हा समारंभ केवळ शोभेचा वाटण्याचा संभव आहे. परंतु नवख्या माणसाचे नाव दप्तरी लावून त्याची जबाबदारी कोणीतरी शिरावर घेणे, हा त्याचा गाभा सुमारे आठ शतकांचा जुना आहे, आणि ते दप्तर कोणास खुले होते व कोणास बंद होते, हे पाहू गेल्यास त्या नगराचा पुष्कळसा इतिहास उलगडतो.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, राजा दुसऱ्या हेन्रीने इंग्रज विद्यार्थ्यांस पॅरिसला जाण्याची मनाई केल्यानंतर, ऑक्सफर्डच्या अध्यापनास बहर आला. 1190 च्या सुमारास फ्रीसलँडहून एमो नावाचा विद्यार्थी येथे दाखल झाला. समुद्रापलीकडून आलेल्यांपैकी ज्याचे नाव ज्ञात आहे असा तो पहिला. त्याच्या काळी महाविद्यालये स्थापन झालेली नव्हती. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा गावात येई, एखाद्या नागरिकाच्या घरी बिऱ्हाड करी, आणि मनास येईल त्या गुरूपुढे जाऊन बसे. नगरवासी व विद्यार्थी यांच्यात भाड्यावरून आणि अन्नधान्याच्या दरांवरून नित्य तंटे होत. 1209 मध्ये एका स्त्रीच्या हत्येच्या आरोपावरून, मूळ आरोपी पळून गेला असता, नगरवासीयांनी त्याच्या सोबत राहणाऱ्या विद्यार्थ्यांस फासावर चढविले. तेव्हा गुरुशिष्य शहर सोडून गेले, आणि त्यांतील काहींच्या वास्तव्यातून केंब्रिजच्या विद्यापीठाचा उगम झाला. पुढे 1214 साली पोपच्या प्रतिनिधीने जो निवाडा दिला, त्यात विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडांचे भाडे दहा वर्षे निम्म्यावर आणण्याची अट नगरावर घातलेली होती. परगावी शिकावयास गेलेल्या मुलाची पहिली चिंता निवाऱ्याची असते, या गोष्टीची दखल विद्यापीठाच्या अगदी आरंभीच्या सनदेनेच घेतली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

तेराव्या शतकात असा शिरस्ता पडला की प्रत्येक विद्यार्थ्यास एक गुरू असावा व त्या गुरूच्या यादीत त्याचे नाव असावे. ज्याचे नाव कोणाच्याच यादीत नाही, त्यास विद्यार्थी या नात्याने अभय मिळत नसे. गुरू हा एका परीने त्याचा जामीनच होता. या अभयाची गरज किती खरी होती, ते 10 फेब्रुवारी 1355 रोजी दिसले. कारफॅक्स चौकातील एका मद्यगृहात दारूच्या प्रतीवरून सुरू झालेल्या बाचाबाचीचे पर्यवसान अशा दंग्यात झाले की परंपरेनुसार 63 विद्यार्थी प्राणास मुकले. राजाने विद्यापीठाचा पक्ष घेतला. भाकरी व मद्य यांच्या व्यापारावरील देखरेखीचे आणि वजनमापे तपासण्याचे अधिकार विद्यापीठास मिळाले, आणि नगराच्या प्रमुखाने नागरिकांसह दरसाल केलेले प्रायश्चित्त 1825 पर्यंत चालू राहिले. अखेर 1420 मध्ये पाचव्या हेन्रीच्या काळी हुकूम निघाला की कोणत्याही विद्यार्थ्याने गावात स्वतंत्र न राहता एखाद्या प्रमुखाच्या आधिपत्याखालील छात्रालयातच राहावे. ख्राइस्ट चर्च महाविद्यालयाच्या मनोऱ्यातील ‘ग्रेट टॉम’ घंटा आजही रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे ऑक्सफर्डच्या जुन्या स्थानिक वेळेनुसार बरोबर नऊ वाजता, 101 टोल देते. एके काळी त्या टोलांबरोबर महाविद्यालयांचे दरवाजे बंद होत, आणि आत असलेला प्रत्येक मुलगा कोणाच्या तरी हिशेबी धरलेला असे.

मात्र रक्षणासाठी निर्माण झालेली वही पुढे निवड करू लागली. 1565 पासून विद्यापीठाचे मध्यवर्ती नोंदपुस्तक सुरू झाले, आणि त्यात नावाबरोबर बापाचा दर्जाही लिहिला जाऊ लागला: हा सरदाराचा पुत्र, हा धर्मोपदेशकाचा, हा सामान्य रयतेचा, आणि त्या दर्जाप्रमाणे प्रवेशाची फी कमीजास्त होई. 1581 मध्ये त्याहून कठोर अट आली. सोळा वर्षांवरील प्रत्येक नवागताने इंग्लंडच्या चर्चच्या 39 कलमांस आपल्या सहीने मान्यता द्यावी, असा नियम झाला, आणि कॅथलिक, यहुदी तसेच अन्य पंथांचे व धर्मांचे लोक पावणेतीनशे वर्षे त्या उंबरठ्याबाहेर राहिले. ही अट 1854 च्या कायद्याने प्रवेशापुरती व पहिल्या पदवीपुरती उठली आणि 1871 मध्ये बहुतेक सर्वत्र रद्द झाली. दरम्यान 1868 साली, महाविद्यालयाचा खर्च न झेपणाऱ्यास विद्यापीठात थेट नाव नोंदविण्याची मुभा मिळाली, ही गोष्टही थोडी नव्हे.

उरला तो स्त्रियांचा प्रश्न, आणि येथे आपल्या मुलुखाचा संबंध येतो. नाशिक येथे 1866 साली जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सर्वांच्या पुढे राहिलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती केवळ त्या स्त्री असल्यामुळे नाकारण्यात आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्या हितचिंतकांनी निधी जमविला, आणि 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉल या स्त्रियांच्या छात्रालयात दाखल झाल्या. ऑल सोल्स महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अभ्यास करण्याची परवानगी त्यांना मिळाली. 1892 मध्ये विद्यापीठाच्या खास ठरावाने त्या दिवाणी कायद्याच्या पदवीपरीक्षेस बसल्या व उत्तीर्णही झाल्या. परंतु स्त्रियांची नावे नोंदपुस्तकात घेण्याचा रिवाजच नव्हता, म्हणून पदवी मिळाली नाही. 7 ऑक्टोबर 1920 रोजी स्त्रियांची पहिली रीतसर नोंदणी झाली, आणि सोराबजींना त्यांची पदवी 1922 मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी, प्राप्त झाली.

म्हणून ज्या मराठी मुलामुलींची नावे आज त्या दप्तरी चढतात, त्यांनी तो विधी मनःपूर्वक करावा असे मला वाटते. परक्या शहरात पाऊल ठेवणाऱ्यास ज्ञानाच्याही आधी आश्रय लागतो, हे त्या वहीने शिकविले; आणि आश्रय देणाऱ्या संस्थेची योग्यता तिने किती जणांस दूर ठेवले यावरून न ठरता, चुकीने दूर ठेवलेल्यांसाठी तिने आपले नियम बदलले की नाही यावरून ठरते, हे त्याच वहीच्या पुढील पानांनी सिद्ध केले. ऑक्सफर्डने ते नियम उशिरा बदलले. सोराबजींसारख्यांनी नोंद नसतानाही अभ्यास सोडला नाही, म्हणूनच ते बदलावे लागले.