ब्रिटिश बीट संगीत आणि महाराष्ट्र

ब्रिटिश बीट संगीत : साधारण १९६२ ते १९७० या काळात इंग्लंडमध्ये बहराला आलेले, विजेवरची गिटार, बेस आणि ड्रम यांच्या ठेक्यावर चार-पाच जणांनी मिळून गायचे लोकप्रिय संगीत. लिव्हरपूलचा बीटल्स आणि लंडनचे रोलिंग स्टोन्स, द किंक्स व द हू हे त्यातले ठळक वाद्यवृंद. अमेरिकेतले ब्लूज आणि रॉक अँड रोल ऐकत ही मुले वाढली आणि पुढे तेच संगीत आपल्या घडणीत बसवून त्यांनी अमेरिकेला परत ऐकवले. बीटल्सची ‘लव्ह मी डू’ ही तबकडी ५ ऑक्टोबर १९६२ रोजी निघाली आणि एप्रिल १९७० मध्ये वाद्यवृंद फुटला. अवघ्या साडेसात वर्षांचे हे काम. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे ‘नाऊ अँड देन’ हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर आले. या संगीताचा महाराष्ट्राशी संबंध केवळ श्रोत्याचा नाही. त्याचा काही भाग मुंबईतच घडला, आणि महाराष्ट्रात ते टिकून राहण्याचे एक कारण तिथेच सापडते.

प्रसार : भारतात या ध्वनिमुद्रिका ग्रामोफोन कंपनीच्या कलकत्त्याजवळील दमदम कारखान्यात निघत. जगात बहुतेक ठिकाणी ७८ फेऱ्यांची तबकडी बंद झाली होती, तेव्हा १९६५च्या सुमारापर्यंत भारतात बीटल्सची गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरही मिळत होती. वीज न पोहोचलेल्या घरात चावीच्या फोनोवर बीटल्स वाजू शकत होते ते यामुळे. आज या तबकड्या जगभरचे संग्राहक शोधत असतात.

रेडिओचा वाटा याहून मोठा. पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताला प्रतिष्ठा मिळावी म्हणून त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना आवर घातला आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ तिथलीच, आणि इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रमही तिथेच लागत. मराठवाड्यातल्या सोयगावसारख्या तालुक्याच्या गावी, अजिंठ्याच्या लेण्यांच्या परिसरात, लंडनची नवी तबकडी मिळण्याची सोय कुठली असणार! अशा ठिकाणी बीट संगीत गेले ते हिंदी चित्रपटगीताच्या आडून. ‘जानवर’ (१९६५) या चित्रपटात शम्मी कपूरवर चित्रित झालेल्या, शंकर-जयकिशन यांच्या एका गाण्याची चाल थेट बीटल्सच्या ‘आय वाँट टु होल्ड युअर हँड’वरून घेतलेली आहे. बीटल्स हे नावही न ऐकलेल्या हजारो लोकांना ती चाल पाठ होती.

मुंबईतील वाद्यवृंद : जेट्स, सॅव्हेजेस, मिस्टिक्स, वेल्वेट फॉग ही त्या काळातली मुंबईची नावे. कॅथलिक, पारशी, सिंधी, मुसलमान, मराठी अशी सगळी मुले त्यांत होती आणि बहुतेकांचे कॉलेज अजून चालू होते. परदेशी गिटार आणि अँप्लिफायर आयात-निर्बंधांमुळे दुर्मीळ व महाग असत, म्हणून देशी बनावटीवर किंवा हाताने जुळवलेल्या साधनांवर काम भागवावे लागे. तबकडी पुन्हा पुन्हा लावून, सुई उचलून मागे ठेवून, एकेक स्वरमेळ कानाने उतरवायचा ही त्यांची तालीम. कानाने शिकण्याची ही रीत इथल्या संगीताला परकी नव्हती. सिम्ला सिगारेटच्या नावाने भरणारी ‘सिम्ला बीट’ स्पर्धा मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात होई आणि देशभरचे वाद्यवृंद तिथे येत. १९७० व १९७१ च्या स्पर्धांच्या दोन तबकड्या निघाल्या. त्या पर्वाचा सर्वांत भरवशाचा श्राव्य पुरावा आज त्याच आहेत.

याआधीचा एक धागा पाचगणीचा. सेंट पीटर्स शाळेत १९५८च्या सुमारास पाच विद्यार्थ्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्यात पियानोवर बसणारा फारुख बलसारा १९६४ मध्ये कुटुंबासह लंडनला गेला आणि पुढे ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला.

मुंबईतून गेलेले सूर : या नोंदीचा खरा गाभा हा आहे. जानेवारी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना किंक्स मुंबईत थांबले. त्यांचा गीतकार-गायक रे डेव्हिस पहाटे जागा झाला, तेव्हा समुद्रावर कामाला निघालेले मच्छीमार सुरात काही म्हणत चालले होते. मुंबईचे मच्छीमार म्हणजे आपले कोळी बांधव. त्या एकसुरी, लांबवलेल्या आवाजावरून डेव्हिसने ‘सी माय फ्रेंड्स’ रचले. जुलै १९६५ मध्ये ते बाहेर पडले. गिटार तंबोऱ्यासारखी एकाच स्वरावर घुमत ठेवणारे हे गाणे बीटल्सच्या सतारीच्याही आधीचे. पाश्चात्त्य पॉपमधल्या भारतीय वळणाचा आरंभ बहुतेक जण सतारीपासून सांगतात. वरळी-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर रोज ऐकू येणाऱ्या श्रमगीताचा मान त्यात हरवतो, आणि ही चूक दुरुस्त व्हायला हवी.

डिसेंबर १९६५ मध्ये निघालेल्या बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली. पुढच्या एप्रिलमध्ये ‘लव्ह यू टू’ या गाण्यासाठी लंडनमधल्या एशियन म्युझिक सर्कलने तबलावादक पाठवला. त्याचे नाव अनिल भागवत. ‘रिव्हॉल्व्हर’ (१९६६) या तबकडीच्या वेष्टनावर हे मराठी आडनाव छापलेले आहे. बाहेरच्या वादकाचे नाव बीटल्सच्या वेष्टनावर येणे त्या काळात फार विरळ. मार्च १९६७ मध्ये ‘विदिन यू विदाउट यू’साठी दिलरुबा वाजवणाऱ्यांत अण्णा जोशी होते. त्यांचे व त्यांच्या साथीदारांचे नाव मात्र तबकडीवर आले नाही. ते कळायला कित्येक वर्षे गेली.

सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला. ताजमहाल हॉटेलात तो खोट्या नावाने उतरला होता, मिशाही वाढवल्या होत्या, पण लिफ्टवाल्याने ओळखले आणि हॉटेलाबाहेर गर्दी लोटली. पत्रकार परिषद घेऊन ‘मला शिकू द्या’ असे सांगण्याची वेळ आली. अखेर गुरू-शिष्यांनी काश्मीर गाठले. मुंबईत रविशंकरांनी १९६२ मध्ये काढलेल्या किन्नर संगीत विद्यालयातले शंभू दास यांनीही त्याला शिकवले.

जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला, तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करायला. जागा होती फोर्टात, फिरोजशहा मेहता मार्गावरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीतला एच.एम.व्ही.चा स्टुडिओ. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर आणि बाहेरचा आवाज अडवण्याची सोय जवळजवळ नाही. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा गडगडाट आत येई आणि ध्वनिमुद्रण थांबवावे लागे. रस्त्यावरच्या टॅक्सीचा आवाज काही ठिकाणी तबकडीतही उतरला आहे. तिथे होते ते जुने एकमार्गी यंत्र. म्हणून ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन मार्गांवर मुद्रण करणारे यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईला आणले. वादक होते आशिष खान (सरोद), शिवकुमार शर्मा (संतूर), महापुरुष मिश्र (तबला, पखवाज), विनायक व्होरा (तारशहनाई), रिजराम देसद (हार्मोनियम, तबलातरंग), शंभू दास (सतार) आणि इतर. अॅबी रोडच्या सुसज्ज स्टुडिओत काम करणारा माणूस इथे जमिनीवर बसून, एका खोलीत सगळ्यांना एकत्र वाजवायला लावून, जे मिळेल ते टिपत होता. हे संगीत नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ या नावाने निघाले. बीटल्सच्या अॅपल कंपनीची ती पहिली एल.पी.

याच मुक्कामात, १२ जानेवारीला, ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वादन मुद्रित झाले. त्यात हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. हॅरिसनने लंडनला परतल्यावर त्यावर आपला आवाज चढवला, आणि मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या दुसऱ्या बाजूला हे गाणे जगभर गेले. पॉल मॅकार्टनी, जॉन लेनन, रिंगो स्टार यांपैकी कोणाचेही वाद्य त्यात नाही. बीटल्सच्या नावाने निघालेल्या या गाण्यातला वाद्यांचा प्रत्येक स्वर मुंबईत वाजलेला आहे.

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनीही १९७२ मध्ये मुंबईच्या वादकांसह दोन गाणी मुद्रित केली. ती २०१५ मध्ये प्रकाशित झाली. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबात ते हौसेने वाजवायलाही बसले होते.

मेहेराबाद : अहमदनगर (आता अहिल्यानगर) जवळच्या अरणगावचे मेहेराबाद हे या इतिहासातले दुसरे महत्त्वाचे ठिकाण. पुण्यात १८९४ मध्ये जन्मलेले आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा यांचा हा आश्रम. त्यांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत. ‘द हू’चा गिटारवादक व प्रमुख गीतकार पीट टाउनशेंड साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचा अनुयायी झाला. ‘टॉमी’ (१९६९) हे त्याचे रॉक ऑपेरा आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या मुलाची कथा सांगते. त्यामागे मेहेरबाबांच्या शिकवणुकीची छाया आहे आणि तबकडीच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आहे. १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या शीर्षकातले ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. उरलेला अर्धा भाग अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांचा. १९७२ मध्ये टाउनशेंड मेहेराबादला मेहेरबाबांच्या समाधीच्या दर्शनाला आला. त्याच वर्षीच्या ‘हू केम फर्स्ट’ या तबकडीत त्याने मेहेरबाबांच्या परवरदिगार प्रार्थनेला चाल लावली आहे. क्रिकेटच्या मैदानांत आणि जाहिरातींत ‘बाबा ओ’रायली’चा सुरुवातीचा तुकडा आजही वाजतो. तो ऐकणाऱ्या नगरकरालाही त्याचे मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे हे बहुधा ठाऊक नसते.

मराठी रंगभूमी : अँड्र्यू लॉइड वेबर व टिम राइस यांचे ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाटक अॅलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये मुंबईत रंगमंचावर आणले. त्यात ज्यूडासची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे यांच्या नाट्यवेड्या घरातला हा मुलगा सॅव्हेजेस व वेल्वेट फॉगमधून रॉक गात आला होता. पुढे थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) केले, तेव्हा नाट्यसंगीत आणि लावणीच्या शेजारी भेंड्यांचा रॉकचा गळा उभा राहिला, आणि मराठी प्रेक्षकाने तो आपला मानला. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत बीट संगीताचा वारसा मराठीत बोलला तो इथे. नंदू भेंडे यांचे निधन ११ एप्रिल २०१४ रोजी झाले.

 

टिकून राहण्याची कारणे : गतकाळाची ओढ हे कारण पुरेसे नाही, १९७० नंतर जन्मलेल्यांना तो काळ आठवण्याचा प्रश्नच येत नाही. संगीताच्या अंगाने पाहिले तर उत्तर मिळते. भावगीतावर वाढलेला कान आधी चाल धरतो, आणि बीटल्स किंवा किंक्स यांच्या गाण्यात चाल सर्वांत पुढे असते. मुखडा लगेच सापडतो, दोन-अडीच मिनिटांत गाणे पुरे होते, आणि वाद्यांशिवाय नुसते गुणगुणले तरी ते उभे राहते. ‘नॉर्वेजियन वुड’ घ्या. मुख्य ओळींत शुद्ध गंधार व कोमल निषाद, म्हणजे खमाज थाटाचे स्वर. मधल्या भागात गंधार कोमल होतो आणि आपण काफीत शिरतो. खमाज आणि काफी यांच्या शेजारावर मराठी-हिंदी सुगम संगीताचा केवढा तरी संसार चालतो. ‘एलेनॉर रिग्बी’तही काफीचे स्वर स्पष्ट आहेत. ‘विदिन यू विदाउट यू’ उघडच खमाज थाटातले आहे, आणि त्याच्या वाद्यांच्या तुकड्यात झपतालाच्या दहा मात्रा चालतात. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ (१९६६) तंबोऱ्याच्या आधाराने जवळजवळ एकाच स्वरमेळावर उभे राहते. पाश्चात्त्य पॉपमध्ये हे धाडस होते, आपल्याकडे ती रोजची बैठक. स्टोन्स किंवा द हू यांच्या गाण्यांना हे कारण तितकेसे लागू होत नाही. त्यांचे बळ लयीत आणि आवेशात आहे, आणि महाराष्ट्रातले त्यांचे श्रोते मुख्यतः कॉलेजच्या रॉक मैफलींतून तयार झाले. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ नंतर ‘इंडिपेंडन्स रॉक’ला जमणारी गर्दी त्याच परंपरेतली. रोलिंग स्टोन्स स्वतः मुंबईत वाजवायला आले ते ७ एप्रिल २००३ रोजी, ब्रेबर्न स्टेडियमवर.

नोंदींची अवस्था : काळाघोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’, जिथे तीन पिढ्यांनी या तबकड्या घेतल्या, २०१६ मध्ये बंद झाले. मुंबईच्या वाद्यवृंदांचे ध्वनिमुद्रण मोजकेच आहे. सिद्धार्थ भाटिया यांच्या ‘इंडिया सायकेडेलिक’ (२०१४) या इंग्रजी पुस्तकाने बरीच माहिती एकत्र केली. मराठी संगीताच्या इतिहासात मात्र या पर्वाला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे, अनिल भागवत आणि अण्णा जोशी यांच्यासकट. त्या वाद्यवृंदांतले वादक आज पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेले आहेत. त्यांच्या घरातली छायाचित्रे, टेपा आणि स्पर्धांची पत्रके जमा करण्याचे काम आताच व्हायला हवे.