घरची बोली आणि सभेची भाषा

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत जी भाषा बोलली जाते आणि व्यासपीठावर जी बोलावी लागते, त्यांत पुण्याहून अधिक अंतर आहे असे आम्हांस वाटते. घरी आपण सहज ‘काय करून राहिलास?’ असे विचारतो. समोरचा आपलाच असतो. अर्धे सुटलेले वाक्य तो मनातल्या मनात पुरे करतो. सभेत ही सोय नाही.

पूर्वी चारचौघांसमोर बोलण्याचे मोठे स्थान म्हणजे कीर्तन. निरूपण करता करता बुवा समोरच्या एखाद्या आजोबांनाच प्रश्न टाकीत. संभाषण आणि वक्तृत्व यांच्यामध्ये भिंत अशी नव्हती. १८७५ साली महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. एकाने विषय मांडावा, इतरांनी शेवटपर्यंत निमूट ऐकावे, ही नवी शिस्त अशा सभांतून रुळत गेली.

इंदुरात १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, आणि पुढच्याच वर्षी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदीचे. १९३५ साली तर दोन्ही संमेलने येथेच झाली. हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी, मराठीचे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. गांधीजींची मातृभाषा गुजराती. घरची भाषा एक आणि सभेची दुसरी, हा आपला प्रपंच त्यांनाही चुकला नव्हता!

आमची सारी नोकरी राज्य शासनात, म्हणजे भाषणे हिंदीत. निवृत्तीनंतर राऊच्या एका गणेशोत्सवात मराठीत बोलण्यास उभे राहिलो आणि तोंडून गेले, ‘‘मुलांच्या शिक्षेसाठी आपल्या वडिलांनी फार चेष्टा केली.’’ हिंदीत हा गौरव; मराठीत मुलांना दंड आणि वडिलांकडून थट्टा! इकडच्या मंडळींना काही खटकलेच नाही, त्यांनी टाळ्या दिल्या. पुण्याहून आलेले एक पाहुणे मात्र उपरण्याआड हसू लपवीत होते. घरात हीच चूक रोज होते, आणि कोणी हसत नाही.

तेव्हापासून आम्ही भाषण लिहून नेतो. आमचा नातू घरी आजीशी अस्खलित मराठीत भांडतो; शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मात्र नाव हिंदीतच देतो. कारण विचारले, तर म्हणाला, ‘‘आजोबा, ती वाली मराठी मला येत नाही.’’